पोरांना रॉक शिकवायचं तर पहिल्याच शनिवारी बँड बसव

कोल्हापुरातल्या एका तरुण गिटारिस्टने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तो कॉलेजपासून बँडमध्ये वाजवतो. आता एका क्लासने त्याला शनिवार-रविवारची बॅच दिली आहे. सहा मुलं, वयं 9 ते 15. दोघं गिटार, एक ड्रम, एक कीबोर्ड आणि दोघींना गायचंय. बेस गिटार कुणालाच नको. तो म्हणतो, ‘मला वाजवता येतं, शिकवता येईल की नाही माहीत नाही. पोरं दोन रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारे छोटे तुकडे, शिकतात आणि कंटाळतात. पालक विचारतात, परीक्षा कधी? सुरुवात कुठून करू? आणि फी कशी लावू?’

मित्रा, सुरुवात बँडपासून कर. ‘आधी बेसिक पक्कं होऊ दे, मग सहा महिन्यांनी एकत्र वाजवू’ असं बहुतेक क्लासेसमध्ये चालतं आणि त्या सहा महिन्यांतच अर्धी पोरं गळतात. रॉक हे मुळात चार-पाच जणांनी एकमेकांचं ऐकत वाजवायचं संगीत आहे. एकट्याने खोलीत बसून मिळते ती फक्त बोटांची तयारी. तीही लागते, पण ती कशासाठी करायची हे पोराला बँडमध्ये उभं राहिल्यावरच कळतं. बदललेली कॉर्ड वेळेत न आल्यामुळे मैत्रिणीचं गाणं अडलं, की पोरगं घरी जाऊन ती कॉर्ड घासतं. तू दहा वेळा सांगून घासत नाही.

हे काही माझं एकट्याचं मत नाही. लूसी ग्रीन या ब्रिटिश संशोधिकेने लंडन परिसरातल्या 14 पॉप्युलर वादकांशी बोलून ते मुळात शिकले कसे याचा अभ्यास केला. तो 2002 मध्ये पुस्तकरूपाने आला. या वादकांनी गाणी स्वतः निवडली, रेकॉर्ड ऐकून कानाने उतरवली, मित्रांबरोबर बसून शिकले, आणि सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने तर नाहीच, जे आवडलं त्यालाच आधी भिडले. पुढे हीच पद्धत इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरच्या शाळांत वर्गात वापरून पाहिली गेली. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये पॉल ग्रीनने 1998 मध्ये सुरू केलेली शाळाही वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचली: एकेकट्या शिकवणीला जोड म्हणून मुलांना एकत्र वाजवायला लावायचं आणि समोर ठरलेला कार्यक्रम ठेवायचा. त्याचा ओरडून शिकवण्याचा खाक्या मला पटत नाही, पण कार्यक्रमाची तारीख भिंतीवर लावली की तालमीला धार येते हे खरं.

म्हणून शिक्षकाचं काम संपतं असं मात्र समजू नकोस. ते वाढतं. आता तू नुसता गिटार शिकवणारा राहत नाहीस, तुला अरेंजर व्हावं लागतं. प्रत्येक पोराला आज, त्याला जेवढं येतं तेवढ्यात, वाजवता येईल असा तुकडा लिहून द्यायचा, आणि ते सगळे तुकडे जुळल्यावर गाणं ओळखू आलं पाहिजे. पोरांना शिकवणाऱ्या वादकाचं खरं कसब मला इथे दिसतं. तुला किती फास्ट सोलो येतो याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

तुझ्याच सहा जणांवर करून दाखवतो. गाणं घेऊ डीप पर्पल या ब्रिटिश बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’, 1972 चं. गिटारच्या दुकानात जाऊन कुणीही वाजवतं म्हणून त्याला हसतात, पण शिकवायला यासारखं गाणं क्वचित सापडतं. मूळ रिफ त्यांच्या गिटारिस्टने, रिची ब्लॅकमोरने, डी आणि जी या दोन तारांवर एकदम, पिकऐवजी बोटांनी छेडत वाजवली आहे. दोन्ही तारांवर फ्रेट (मानेवरचं घर) तोच: मोकळी, तिसरा, पाचवा, मोकळी, तिसरा, सहावा, पाचवा, पुन्हा मोकळी, तिसरा, पाचवा, आणि तिसरा, मोकळी. तुझ्या मोठ्या गिटारिस्टला दोन्ही तारा दे, एक बोट आडवं टाकून. नऊ वर्षांच्या पोराला फक्त जीची तार दे. एकाच तारेवर चाल पूर्ण येते. दोघांनी मिळून वाजवलं की आवाज भरतो आणि लहान्याला आपण कच्चे आहोत असं वाटत नाही.

मूळ गाण्याच्या सुरुवातीला वाद्यं एकेक करून येतात आणि शिकवणीच्या दृष्टीने सोनं तिथे आहे. आधी रिफ, मग हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), मग स्नेअरसकट (कडक वाजणारा छोटा ड्रम) सगळा ड्रम, मग बेस. म्हणजे ज्याची पाळी नाही त्याने मोजत उभं राहायचं. पोरांना वाजवण्यापेक्षा न वाजवता थांबणं कितीतरी जड जातं. रिफ चार बारची आहे, बारला चार मात्रा, म्हणजे सोळा. बॅचमध्ये तबला केलेलं कुणी असलं तर त्याला सांग, हे तीनतालाचं एक आवर्तन समज आणि पुढच्या समेला उचल. काम झालं.

ड्रमवाल्याला पहिले दोन आठवडे हाय-हॅट आणि दोन-चारवर स्नेअर, एवढंच. फिल, म्हणजे मधल्या जागा भरणारे फटके, अजिबात नाही. इथे एक गोंधळ हमखास होतो: आपल्या कानाला टाळी समेवर पडायची सवय असते, भजनापासून. रॉकमध्ये स्नेअरचा फटका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येतो. म्हणून रिफ चालू असताना गाणाऱ्या दोघींना रिकामं ठेवू नकोस. त्यांना दोन आणि चारवर टाळ्या वाजवायला लाव. त्यांचा ताल पक्का होतो आणि ड्रमवाल्याला आधार मिळतो. पोरगं ढोल-ताशा पथकातून आलं असेल तर तुझं नशीब. मनगट तयार असतं, इशाऱ्यावर थांबायची शिस्त असते. फक्त हळू वाजवणं त्याच्या गावी नसतं, तिथे मेहनत घ्यावी लागेल.

आता बेस. कुणालाच नको असतो, सगळीकडे हीच रड. सुरुवातीला तो कीबोर्डच्या डाव्या हाताला दे: खालचा जी, एकच सूर, बारमध्ये आठ वेळा, एकसारखा. उजव्या हाताने रिफ. कीबोर्डवाल्याला हे पुरून उरतं. मग साधारण महिन्याभराने एक बेस गिटार खोलीत आणून नुसती स्टँडवर ठेव. कुणी हात लावला की अँपवर जोडून दे. आवाज छातीत जाणवला की मत बदलतं. बेसला बहुधा गाणाऱ्यांतलंच कुणीतरी येतं, कारण त्यांनी इतके दिवस टाळ्या वाजवून ताल पकडलेला असतो. लहान पोरांसाठी 34 इंची नेहमीचा बेस नको, 30 इंची शॉर्ट स्केल बघ.

कोरसमध्ये मोठ्याला पॉवर कॉर्ड (दोनच सुरांची सोपी कॉर्ड), लहान्याला त्याच कॉर्डचा एकेक खालचा सूर. एकीने अंतरा गायचा, दोघींनी मिळून कोरस.

पट्टीकडे लक्ष दे. बरीच रॉक गाणी मोठ्या पुरुषी गळ्यासाठी आहेत आणि पोरं ती मूळ पट्टीत ओढत गातात, कारण यूट्यूबवर तशी आहेत. आपलं हे गाणं आहे पांढरी पाचमध्ये, म्हणजे जीमध्ये. दोन्ही गिटारवर पाचव्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, बोटं तीच राहतात आणि गाणं पांढरी एकमध्ये येतं. कीबोर्डवर ट्रान्सपोज अधिक पाच. ड्रमवाल्याला फरक पडत नाही. तेरा-चौदाच्या मुलाचा आवाज फुटत असेल तर त्याला दर महिन्याला पट्टी विचार, गेल्या महिन्याची आज चालेलच असं नाही. आणि त्याला सगळ्यांसमोर ‘आज आवाज गेला का रे’ म्हणू नकोस. त्या वयात पोरगं तेवढ्यावरून गाणं सोडतं.

तालमीचे नियम थोडेच ठेव, पण पाळ. पहिला: गाणं थांबत नाही. चुकलास तर हात उचल, मोज आणि पुढच्या एकला परत ये. पोरं शाळेच्या सवयीने चूक झाली की थांबतात, ‘सॉरी सर’ म्हणतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून त्यांची सुरुवात झकास आणि शेवट कधीच बसलेला नसतो. कधीकधी शेवटच्या कोरसपासून तालीम सुरू कर. दुसरा नियम: ‘एक, दोन, तीन, चार’ ड्रमवाल्याने म्हणायचं, तू नाही. तिसरा तुझ्यासाठी: बँड वाजवत असताना तुझी गिटार भिंतीला. तू सोबत वाजवलंस की सगळं छान ऐकू येतं, कारण तू झाकतोस. पालकांनाही छान वाटतं. आणि पोरं तुझ्यामागे ओढली जातात, एकमेकांचं ऐकतच नाहीत.

आवाजाबद्दल मी जरा कडक आहे. बंद खोलीतला ड्रम सेट सहज 100 डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या निऑश या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा 85 डेसिबलला आठ तास आहे, आणि दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. हिशोब कर: 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. तेही मोठ्या माणसांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये वैयक्तिक उपकरणांसाठी जे मानक आणलं त्यात मोठ्यांना आठवड्याला 40 तास 80 डेसिबल आणि मुलांना 75 धरले आहेत. तेव्हा इअरप्लग पहिल्या दिवसापासून, तुझ्याही कानात. पोरं तुझंच बघून करतात. ड्रमवाल्याला बारीक 7ए काठ्या दे, स्नेअरवर रुमाल टाक आणि बाकी सगळ्यांचे अँप त्याच्या सर्वांत हलक्या वाजवण्याइतके ठेव. गाणारीचा आवाज माइकविना ऐकू येत नसेल तर तिचा माइक वाढवायच्या आधी बाकीचे कमी कर. बहुतेक तालमी नेमक्या उलट्या दिशेने जातात: प्रत्येक जण स्वतःला ऐकू यावं म्हणून एकेक नॉब पुढे सरकवतो, आणि अर्ध्या तासात कुणालाच काही ऐकू येत नाही.

खोलीला गालिचे, गाद्या, जाड पडदे लावलेस तर आतला घुमारा कमी होईल. शेजाऱ्यांना मात्र ऐकू जायचं तेवढं जाणारच, ते थांबवायला वजनदार भिंत लागते. सोसायटीत असशील तर तालीम संध्याकाळी लवकर आटप आणि बाजूच्यांना आधी जाऊन भेट. रात्री 10 नंतरचा प्रश्न तर कायद्यानेच मिटवला आहे.

वाद्यांबद्दल पालक तुला विचारतील, ‘आधी अकूस्टिक घेऊ ना, पाया पक्का होईल?’ रॉक वाजवायचं असेल तर गरज नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक, तारांची उंची कमी, बोटं कमी दुखतात. नऊ वर्षांच्या हाताला साडेपंचवीस इंच स्केलची पूर्ण गिटार मोठी पडते. 22 ते 24 इंचांतली छोटी बघायला सांग आणि 9 ते 42 चा तारांचा सेट. नवी असली तरी एकदा चांगल्या माणसाकडून सेटअप करून घ्यायला लाव. ‘माझ्या मुलाला बार कॉर्ड जमतच नाही’ म्हणून आलेल्या कितीतरी गिटारींचा नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) उंच होता. पोराचा काही दोष नव्हता. इफेक्ट पेडलच्या नादाला पहिल्या वर्षी लागू देऊ नकोस. डिस्टॉर्शनमध्ये सगळ्या चुका गोड वाटतात.

गाणी कुणी निवडायची? एक त्यांनी, एक तू, आळीपाळीने. ते रील्सवरचं काहीतरी आणतील, कधी गेममधलं, कधी हिंदी सिनेमातलं. नाक मुरडू नकोस. तुझी आवड त्यांच्या गळी उतरवायला तुला ठेवलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुला आवडणारं सत्तरच्या दशकातलं रॉक त्यांच्यासाठी आजोबांच्या काळातलं आहे. मात्र शब्द आधी वाचून घे. पोरं अर्थ न कळता काय काय गातात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापिकेला ते बरोबर कळतं.

दोन-तीन गाणी बसली की स्वतःचं करायला लाव. मराठीत. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात 2001 मध्ये मुलींसाठी रॉक कॅम्प सुरू झाला, त्याची रीत अशी: मुली आठवड्याच्या सुरुवातीला बँड करतात, गाणं लिहितात आणि आठवड्याच्या शेवटी मंचावर वाजवतात. कितीतरी जणींनी त्याआधी वाद्याला हातही लावलेला नसतो. याच धर्तीचे कॅम्प पुढे अनेक देशांत निघाले. आठवड्यात होतं तर तुझ्याकडे महिने आहेत. दोन पॉवर कॉर्ड दे, विषय त्यांना ठरवू दे: रिक्षावाले काका, ट्यूशन, सुट्टीत गावाला न नेणारे बाबा. आमच्याकडे एकदा डब्यातल्या दुधी भोपळ्यावर गाणं झालं आणि पोरं ते अजून मागतात. इथे तू फक्त एवढं बघ की शब्दाचं वजन मात्रेवर नीट पडतंय. बाकी यमक कसंही असो.

परीक्षांचं. पालकांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका माहीत असतात, म्हणून ते तसंच काहीतरी शोधतात. रॉकच्याही ग्रेड आहेत. लंडनच्या रॉकस्कूलच्या परीक्षा 1991 पासून आहेत; डेब्यू, मग ग्रेड 1 ते 8. नेहमीच्या ग्रेड परीक्षेत तीन तुकडे, तांत्रिक स्वाध्याय, वाचन किंवा उत्स्फूर्त वादन, कानाची चाचणी आणि काही तोंडी प्रश्न. 60 ला पास, 74 ला मेरिट, 90 ला डिस्टिंक्शन. लंडनच्याच ट्रिनिटी कॉलेजनेही 2012 मध्ये रॉक आणि पॉपच्या परीक्षा आणल्या, त्यात तीन गाणी आणि सेशन स्किल्स (आयत्या वेळी दिलेलं वाजवणं किंवा उत्स्फूर्त वादन). अभ्यासक्रम वाईट नाही. एकट्याने नेटाने करणाऱ्या, थोड्या लाजाळू पोराला त्यातून हुरूप येतो. माझी अडचण एकच आहे: वाजवायचं बहुतेक बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर असतं, आणि ट्रॅक तुमचं ऐकत नाही. बँडमध्ये गायिका एक ओळ लांबवते, ड्रमवाला किंचित मागे ओढतो आणि बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं असतं. डिस्टिंक्शन घेतलेली आणि चौघांत उभी केल्यावर बावरलेली पोरं मी पाहिली आहेत. तेव्हा पालकांना सांग, वर्षभर बँड, मग हवी त्याला परीक्षा. दहावीला कलेसाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांची आशा मात्र लावू नकोस. ती सवलत शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला, चित्रकला अशांसाठी आहे. रॉकच्या ग्रेडवर मिळतील असं धरून चालू नका म्हणावं.

कार्यक्रम तीन महिन्यांनी ठेव, तीन गाण्यांचा, पंधरा मिनिटांत संपणारा. हॉल नको, एखाद्या पालकाची गच्ची किंवा शाळेचा वर्ग चालेल. लांब सोलोचा हट्ट धरणारा पोरगा प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला आठ बार दे, पण अट घाल की इतरांच्या आठ बारमध्ये त्याने दोनच सुरांची साथ करायची. ज्याला साथ करता येते त्याचा सोलो आपोआप सुधारतो.

टीनएजर्सबरोबर काम करतोस, तेव्हा काही गोष्टी लिखित ठेव. दाराला काच असावी नाहीतर दार उघडं. तालमीचे निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच, पोरांशी रात्री खासगी गप्पा नकोत. आपण वादक मंडळी मोकळीढाकळी असतो, गिगनंतरच्या गोष्टी रंगवून सांगतो. त्या पंधरा वर्षांच्या पोरासमोर नकोत. तो तुझ्या गिटारपेक्षा तुझंच अनुकरण आधी करणार आहे.

नववीच्या शेवटी गळती लागते. ‘दहावी झाल्यावर परत येईल’ म्हणतात, बहुतेक येत नाहीत. मी अशा पोरांना महिन्यातला एकच रविवार देतो, नवीन गाणं नाही, जुनीच दोन वाजवायची आणि घरी जायचं. पालकही याला सहसा नाही म्हणत नाहीत.

शेवटचा तुझा फीचा प्रश्न. एकेकट्याच्या तासाची आणि बँडची फी वेगळी लावू नकोस, नाहीतर पालक पैसे वाचवायला नेमका बँडच कापतात. महिन्याची एकच रक्कम ठेव, त्यात आठवड्याला अर्धा तास एकट्याचा आणि दीड तास बँडचा. एखादा पालक म्हणाला की आम्हाला फक्त वैयक्तिक शिकवणी हवी, तर त्याला सरळ दुसऱ्या शिक्षकाचा नंबर दे. आणि क्लासवाल्याला आधीच विचारून ठेव, बँडच्या दीड तासासाठी खोली अडकते त्याचं भाडं कोण देणार. कारण ते भांडण दुसऱ्याच महिन्यात येतं.